परदेशात बुद्धिबळाच्या शिकवण्या घेताय? या चुका टाळा

बडोद्याच्या शालेय आणि जिल्हा स्पर्धांमधून पुढे आलेली बरीच मुलं-मुली आज टोरांटो, लंडन, मेलबर्न, म्युनिक अशा शहरांत आहेत. 24 डिसेंबर 2010 ला अहमदाबादला गुजरात युनिव्हर्सिटीच्या मैदानावर 20,000 हून जास्त खेळाडू एकाच वेळी पटावर बसले होते, विश्वनाथन आनंदही हजर होता. त्या दिवशी तिथे बसलेली शाळकरी पोरं आता पंचविशीच्या आसपास आहेत. कुणी शिकायला गेलं, कुणी नोकरीला, कुणी लग्न होऊन. सप्टेंबर 2024 मध्ये बुडापेस्टच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला गटाची दोन्ही सुवर्णपदकं घेतली, डिसेंबरात गुकेश जगज्जेता झाला, जुलै 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. परदेशातल्या आपल्या आईबापांना तेव्हापासून मुलांसाठी बुद्धिबळाचा शिक्षक हवा असतो, आणि ओळखीतला, मराठी किंवा गुजराती बोलणारा मिळाला तर सोन्याहून पिवळं.

मी बडोद्यात शिकवतो. माझ्याकडे शिकून गेलेल्यांचे फोन येतात, बहुतेक वेळा काहीतरी बिघडल्यावर. त्यात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका इथे मांडतो.

व्हिसा न वाचता पहिला विद्यार्थी घेणं

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच, म्हणून यावर जरा जास्त बोलतो. आपल्याकडे शिकवणी म्हणजे काम, असं कुणाला वाटतच नाही. शेजारच्या काकूंच्या मुलाला आठवड्यातून दोनदा शिकवलं, त्यांनी पाकीट दिलं, संपलं. परदेशात ते पाकीट म्हणजे स्वयंरोजगार.

ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला मनाई आहे. सत्र चालू असताना पदवीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला 20 तास नोकरी करता येते, पण ती पगारी नोकरी. स्वतःचे विद्यार्थी घेणं त्यात बसत नाही. अमेरिकेत एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय कमाई करता येत नाही. ओपीटी, म्हणजे शिक्षणाला जोडून मिळणारी तात्पुरती कामाची परवानगी, मिळाली तरी काम तुमच्या पदवीच्या विषयाशी जोडलेलं लागतं. केमिकल इंजिनियरिंगच्या पदवीवर बुद्धिबळ शिकवणं त्यात कसं बसवणार? जर्मनीत विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस नोकरी करता येते, मात्र स्वतंत्र व्यवसायासाठी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. ऑस्ट्रेलियात सत्र चालू असताना पंधरवड्याला 48 तासांची मर्यादा आहे. एबीएन हा व्यवसायाचा नोंदणी क्रमांक घेऊन स्वतःचं काम करता येतं, पण ते तासही त्या 48 मध्येच मोजले जातात.

लग्न होऊन गेलेल्या मुलींनी वेगळी काळजी घ्यावी. अमेरिकेत एच-4 या आश्रिताच्या व्हिसावर काम करायचं तर आधी ईएडी, म्हणजे कामाच्या परवान्याचं कार्ड, हातात हवं. ब्रिटनमध्ये नवऱ्याच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर आश्रित म्हणून गेलेल्या मुलीला बहुतेक कामं करता येतात, स्वयंरोजगारही. मात्र ‘व्यावसायिक खेळाडू किंवा खेळाचा प्रशिक्षक’ हे काम त्यातून वगळलेलं आहे. बुद्धिबळाच्या शिक्षकाने हे वाक्य वाचून पुढे जाऊ नये. तिथल्या नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराला आपल्या कामाचं नेमकं वर्णन पाठवा आणि उत्तर लेखी घ्या. बडोद्याच्या अलकापुरीतल्या एजंटने फोनवर “कंई वांधो नही” (काही अडचण नाही) म्हटलं, एवढ्यावर राहू नका.

याच चुकीचं दुसरं रूप जास्त फसवं आहे. “मी तिथल्या मुलांना शिकवतच नाही. माझे बडोद्याचेच विद्यार्थी ऑनलाइन चालू आहेत आणि पैसे इथल्या खात्यात येतात. मग व्हिसाचा काय संबंध?” संबंध आहे. काम तुम्ही ज्या देशात बसून करता तिथे झालं असं धरलं जातं, पैसे कुठेही जमा होवोत. शिवाय परदेशी स्थायिक झाल्यावर इथलं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्यावं लागतं. आई-बाबांच्या खात्यावर फी मागवणं हा त्यावरचा उपाय नाही. त्याने कराच्या वेळी त्यांचीच अडचण होते.

कराचंही तसंच. रक्कम लहान म्हणून नोंद टाळू नये. ब्रिटनमध्ये वर्षाला 1,000 पौंडांपर्यंतच्या अशा कमाईला सूट आहे, अमेरिकेत स्वयंरोजगाराची निव्वळ कमाई 400 डॉलर झाली की विवरण भरावं लागतं. पहिल्या तासापासून वहीत तारीख, विद्यार्थी आणि रक्कम लिहीत जा.

नावापुढे नको ते लावणं

जाहिरातीत “इंटरनॅशनल प्लेयर, फिडे कोच” असं लिहिलेलं मी पाहतो तेव्हा मला वाईट वाटतं, कारण लिहिणारं पोर बहुधा चांगलं शिकवणारं असतं. फिडे म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघ. त्याचा ओळख क्रमांक किंवा रेटिंग (खेळाची ताकद सांगणारा आकडा) असणं म्हणजे किताब नव्हे. प्रशिक्षकांचे फिडेचे किताब वेगळे आहेत: सगळ्यांत वर सीनियर ट्रेनर, सगळ्यांत खाली डेव्हलपमेंटल इन्स्ट्रक्टर. तुमचं नाव फिडेच्या संकेतस्थळावर टाकून कुणीही पाहू शकतं, आणि परदेशातले पालक पाहतात. “मी अमुक रेटिंगचा खेळाडू आहे, नवशिक्यांना आणि शालेय स्पर्धा खेळणाऱ्यांना शिकवतो” एवढं खरं वाक्य पुरतं. किताब हवाच असेल तर खालच्या पायरीचा अभ्यासक्रम रीतसर करा.

क्लबला वळसा घालणं

गावात गेल्या गेल्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जाहिरात टाकायची आणि चार भारतीय घरांत शिकवणी सुरू करायची, असं बहुतेक जण करतात. काही महिन्यांत मुलं कंटाळतात, कारण त्यांना खेळायला कुणी नसतं. म्हणून आधी स्थानिक क्लबचे सभासद व्हा. जर्मनीत अगदी लहान गावातही क्लब असतो, संघांची लीग रविवारी चालते. इंग्लंडमध्ये क्लबच्या लढती संध्याकाळी होतात. तुम्ही स्वतः तिथे संघातून खेळा. वेळ कसा लावतात, ड्रॉ कसा मागतात, डाव संपल्यावर दोघं बसून तो पुन्हा कसा मांडतात, हे सगळं नियमांच्या पुस्तकात नसतं. अमेरिकेत तर वेळेचाही फरक आहे: चालीनंतर सेकंद वाढण्याऐवजी चाल सुरू होताना घड्याळ काही सेकंद थांबून राहतं, अशा स्पर्धा पुष्कळ. तुमच्या विद्यार्थ्याला हे स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा कळू नये.

क्लबमध्ये आधीच मुलांना शिकवणारं कुणीतरी असतं, पुष्कळदा विनामोबदला. त्यांच्या मुलांना बाजूला बोलावून स्वतःची फी सांगू नका. उलट शनिवारच्या मुलांच्या वर्गात तुम्हीही थोडे दिवस मदत करा. विद्यार्थी तिथूनच येतात, आणि लहान मुलांसोबत काम करण्यासाठी लागणाऱ्या पोलीस तपासणीची वाटही क्लबच दाखवतो. ब्रिटनमध्ये तिला डीबीएस म्हणतात, ऑस्ट्रेलियात प्रत्येक राज्याची स्वतःची तपासणी असते, जर्मनीत विस्तारित चारित्र्य दाखला मागतात. हा अविश्वास समजू नका. मुलाच्या घरी शिकवताना मोठं माणूस घरात हवं आणि खोलीचं दार उघडं हवं. ऑनलाइन असाल तर निरोप पालकांच्या फोनवर जावेत, मुलाच्या नव्हे. बडोद्यात दादा-ताई म्हणून हे चालून जातं. तिथे मात्र पहिल्या दिवसापासून हे पाळाच, आणि माझं मत विचाराल तर इथेही पाळायला हवं.

आपलं ज्ञान मुलावर ओतणं

मला सगळ्यांत जिव्हाळ्याचा मुद्दा हा आहे. नवा शिक्षक पहिल्याच तासाला सिसिलियन या ओपनिंगचे (डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक चालींचे) फाटे काढतो, कारण त्याला ते येतात. समोरचं नऊ वर्षांचं पोर दर डावात एक घोडा फुकट देत असतं. पालक खूश असतात, फळ्यावर काहीतरी मोठं दिसतं. तीन महिन्यांनी स्पर्धेचा निकाल येतो आणि मग तक्रार.

खासगी तासाचा कच्चा माल मुलाचे स्वतःचे डाव असायला हवेत. प्रत्येक डाव लिहून आणायची सवय लावा. जर्मनीत एक अडचण येते: शाळेत बुद्धिबळ शिकलेलं मूल घोड्याला एस, उंटाला एल आणि वजिराला डी लिहितं, कारण ती जर्मन नावांची आद्याक्षरं आहेत. त्याची लिपी बदलू नका, तुम्ही ती शिका. डाव मांडला की इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा संगणकाचा प्रोग्रॅम, बंद. आधी मुलाला विचारा: इथे तू काय पाहिलंस? समोरच्याने काय करायचं ठरवलं होतं असं तुला वाटलं? उत्तर येईपर्यंत गप्प राहणं शिक्षकाला फार जड जातं. पण चूक नेमकी कुठे होते ते त्या शांततेतच कळतं: शह दिसला म्हणून दिला, मारता येतंय म्हणून मारलं, की वेळ असूनही दहा सेकंदांत चाल केली. तीन डावांत एकच चूक दिसली की महिन्याचा अभ्यास ठरला. इंजिन सगळ्यांत शेवटी, तेही तुमची दोघांची उत्तरं लिहून झाल्यावर.

साठ मिनिटांतली अर्धी याला द्या. उरलेल्या वेळात त्याच चुकीवरचे डावपेच, आणि शेवटी एखादी प्याद्याची साधी अखेरी खेळून दाखवायला लावा. ओपनिंगला आठवड्याला दहा मिनिटं पुरतात.

मूल घरी दिलेले सगळे प्रश्न बरोबर सोडवतं आणि पटावर तेच हुकतं, अशी तक्रार आली तर घरी इंजिनची मदत होते आहे, असं समजायला जागा आहे. रागावू नका, पालकांसमोर तर नाहीच. “ही चाल का? दुसरी का नाही?” एवढं प्रत्येक उत्तराखाली दोन ओळींत लिहून मागा. आणि तुम्ही स्वतः एक पाळा: विद्यार्थी ऑनलाइन रेटिंगचा डाव खेळत असताना शेजारून एकही चाल सुचवायची नाही. खातं बंद होतं, आणि मुलाला जे शिकवायचं नव्हतं ते शिकवलं जातं.

आकड्यांचा गोंधळ तसाच राहू देणं

“याचं लिचेसवर 1700 आहे, मग स्पर्धेत 1200 का?” लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरच्या रेटिंगविषयी हा प्रश्न येणारच. उत्तर पहिल्याच भेटीत देऊन ठेवा. प्रत्येक संकेतस्थळाचा खेळाडूंचा गट आणि गणित वेगळं असतं. लिचेसवर नवं खातं 1500 पासून सुरू होतं, त्यामुळे तिथला आकडा बहुतेकांचा मोठा दिसतो. देशांचे आकडेही वेगळे: जर्मनीचं डीडब्ल्यूझेड, इंग्लंडच्या महासंघाचं, अमेरिकेचं, आणि फिडेचं. मार्च 2024 पासून फिडेच्या यादीत 1400 च्या खाली कुणी नसतं, त्यामुळे बडोद्याच्या जुन्या 1150 शी आजच्या 1400 ची तुलना करणारे आजोबा चुकीच्या कारणासाठी पेढे वाटतात. पालकांना सांगा की वर्षभर एकाच यादीकडे पाहायचं.

फी आणि वेळ

बडोद्याची फी चलनात बदलून सांगू नका आणि तिथल्या ग्रँडमास्टरची फी पाहूनही ठरवू नका. क्लबमध्ये तुमच्याएवढ्या ताकदीचे लोक काय घेतात ते विचारा. चार तासांचे पैसे आधी घ्या, आणि 24 तास आधी न कळवता रद्द झालेला तास मोजला जाईल हे लिहून द्या. ओळखीच्या घरात हे बोलायला संकोच वाटतो, पण नाती त्या संकोचानेच बिघडतात. फी बडोद्यातले आजी-आजोबा भरणार असतील तरी मुलाच्या प्रगतीविषयी आई-वडिलांशीच बोला.

बडोद्याचे विद्यार्थी असतील तर तास कुणाच्या घड्याळावर बांधलेला आहे ते ठरवा. बडोद्यात संध्याकाळचे 7 म्हणजे टोरांटोत उन्हाळ्यात सकाळचे 9:30, हिवाळ्यात 8:30. उत्तर अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतं, युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. या तारखांच्या आसपासच सगळ्यात जास्त तास बुडतात. भारताचं घड्याळ हलत नाही, म्हणून वेळ भारतीय घड्याळावर लिहिलेली बरी.

निघताना मुलाला वाऱ्यावर सोडणं

शिक्षण संपतं, नोकरी दुसऱ्या शहरात लागते, व्हिसा संपतो. तुम्ही जाणार हे सुरुवातीपासून ठाऊक असतं, मग पालकांनाही ते ठाऊक असू द्या. निघण्यापूर्वी महिनाभर आधी सांगा. मुलाचे डाव एका फाइलमध्ये द्या, सोबत एक पान: कोणती चूक वारंवार होते, काय सुटलं, काय अर्धवट आहे. क्लबमधल्या ज्या शिक्षकाकडे मूल जाणार असेल त्यांच्यासोबत शेवटचा एक तास एकत्र घ्या, आणि त्या तासाची फी घेऊ नका.