'मेमरी लाइक ॲन एलिफंट' म्हणताना या चुका टाळा

खानापूरकडचा एक मुलगा माझ्या इंग्रजीच्या क्लासला बेळगावच्या शहापुरात यायचा. मुलाखतीच्या सरावात त्यानं छातीठोकपणे सांगितलं, "सर, आय ॲम मेमरी लाइक एलिफंट. तीसपर्यंत पाढे पाठ आहेत." मागच्या बाकावरून आवाज आला, "हत्ती झालास की रे!" वर्ग खदखदून हसला. पण हसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी वहीत तेच वाक्य लिहिलेलं होतं.

आधी व्याकरण उरकू. माणूस म्हणजे मेमरी नव्हे, ती त्याच्याकडे असते. म्हणून 'आय हॅव अ मेमरी लाइक ॲन एलिफंट'. यातले 'अ' आणि 'ॲन' आपल्याकडून हमखास गळतात, कारण मराठीत तसलं काही नाही आणि शेजारच्या कन्नडमध्येही नाही. तर्कानं बघितलं तर तुलना हत्तीशी नसून हत्तीच्या स्मरणशक्तीशी आहे, त्यामुळे काहीजण 'एलिफंट्स' असं षष्ठीचं रूप वापरतात. तेही चालतं. चालत नाही ते 'मेमरीज'. 'आय हॅव गुड मेमरीज' म्हणालात तर समोरचा समजेल की तुमच्या आठवणी गोड आहेत, आणि कुठल्या ते सांगा म्हणून वाट बघत बसेल.

खरी गफलत अर्थाच्या बाबतीत होते. आपण स्मरणशक्ती म्हटलं की पाठांतर धरतो. एकदा ऐकून घडाघडा म्हणून दाखवणारा तो एकपाठी, आणि त्याचं आपल्याला कोण कौतुक! इंग्रजीतला हत्ती मात्र पाढे म्हणत नाही. वर्षं लोटली तरी माणूस, शब्द, उपकार आणि अपमान विसरत नाही, असा त्याचा लौकिक. माझी आज्जी घ्या. तिला हरिपाठातला एक अभंग सलग म्हणता येत नसे. पण मामाच्या लग्नात कुणी काय आहेर केला ते चाळीस वर्षांनीही तयार. एका पाहुण्यानं दिलेल्या पितळी डब्याच्या झाकणाला पोचा होता. त्या घरात लग्न निघालं की आज्जी फडताळातून तो डबा काढायची, पोच्यावरून अंगठा फिरवायची आणि मग आहेर किती करायचा ते ठरवायची. हा वाक्प्रचार बसतो तो तिला.

आज्जीच्या गोष्टीत पुढची खबरदारीही आहे. या वाक्प्रचाराला किंचित धार आहे. साकी या टोपणनावानं लिहिणाऱ्या इंग्रज लेखकानं 1904 साली बायका आणि हत्ती झालेली दुखापत कधी विसरत नाहीत, असा टोमणा मारून ठेवलाय. आपल्याकडं डूख धरतो तो नाग. इंग्रजीत ते खातं हत्तीकडं. तेव्हा साहेबांनी तुमची जुनी उधारी काढली आणि तुम्ही 'सर, यू हॅव अ मेमरी लाइक ॲन एलिफंट' म्हणालात, तर ती स्तुती म्हणून पोचेलच असं नाही.

लौकिक उगाच झालेला नाही. टांझानियातल्या तरंगिरे उद्यानात 1993 साली मोठा दुष्काळ पडला. ज्या कळपांत वयस्कर हत्तिणी होत्या ते पाण्याच्या शोधात उद्यान सोडून बाहेर पडले आणि त्यांची पिल्लं जास्त वाचली. आपल्या भागाला तर कुणी शिकवायला नको. 2002 च्या सुमारास दांडेलीकडचे हत्ती खानापूर तालुक्यातून पुढं सरकत दोडामार्ग-चंदगडपर्यंत पोचले. त्या मुलाचे वडील फी भरायला आले होते तेव्हा म्हणाले, "सर, इंग्रजीचं आम्हाला कळत नाही, पण केळीची बाग कुठं आहे ते तो विसरत नाही एवढं खरं."

मग पाढ्यांसाठी काय म्हणायचं? पुष्कळजण 'फोटोग्राफिक मेमरी' ठोकून देतात. मुलाखतीत तरी ते टाळा. काही लहान मुलांना बघितलेलं चित्र थोडा वेळ डोळ्यांसमोर जसंच्या तसं दिसतं, पण कॅमेऱ्यासारखी कायमची स्मृती असलेला मोठा माणूस शास्त्रज्ञांना पक्क्या पुराव्यानं दाखवता आलेला नाही. 2006 साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी एका बाईंची नोंद केली. त्यांना लहानपणापासूनचा जवळजवळ प्रत्येक दिवस आठवायचा, आणि शाळेत पाठांतर मात्र जड जायचं. आज्जीच म्हणा की!

आता सगळ्यात घातक चूक. आपण म्हणतो, सूत्रं जिव्हाग्री आहेत, म्हणजे पक्की पाठ आहेत. याचं शब्दशः इंग्रजी करून 'ऑन द टिप ऑफ माय टंग' म्हणाल तर अर्थ नेमका उलटा होतो: ओठावर आलंय, पण आठवत नाही. एका मुलीनं परीक्षकांना हेच सांगितलं. ते बिचारे "टेक युवर टाइम" म्हणत थांबून राहिले आणि ही आपली प्रश्नाची वाट बघत बसली. तिथं 'ॲट माय फिंगरटिप्स' हवं होतं.

दुसरा शब्द 'बायहार्ट'. 'आय बायहार्टेड द लेसन' हे आपल्याकडं खपतं. इंग्रजीत 'बाय हार्ट' हे क्रियापद नाही. 'आय लर्न्ट इट बाय हार्ट' म्हणायचं. बेळगावात ही चूक जास्तच चिकट आहे असं मला वाटतं, कारण कन्नडमध्ये तोंडपाठला 'बायीपाठ' म्हणतात, बायी म्हणजे तोंड. दोन्ही शब्द कानाला इतके जवळचे की एका मुलाला 'बायहार्ट' हा कन्नडच शब्द वाटायचा. माझ्या फळ्याच्या कोपऱ्यात 'बायहार्टेड' लिहून त्यावर काट मारलेली आहे, आणि फळा पुसणाऱ्यानं तेवढा कोपरा सोडून पुसायचा, असा वर्गाचा नियम आहे.