रॉकी पर्वतातील मुक्कामासाठी घरगुती चिनी जेवण

कोलोरॅडोतील रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये तंबूत मुक्काम करून चिनी पद्धतीचे जेवण करायचे असेल, तर तेलाचे आणि मोठ्या आचेचे सारे काम घरी उरकावे आणि डोंगरावर फक्त पाणी उकळावे. छोट्या गॅस स्टोव्हवर फ्राइड राइस किंवा परतलेल्या भाज्या करण्याचा हट्ट धरू नये. त्या स्टोव्हवर भांडे हवे तसे तापत नाही, भाज्यांना पाणी सुटते आणि तळणीचा वास दूरवर पोहोचतो. या उद्यानात काळी अस्वले आहेत, हे विसरून चालणार नाही.

तांदूळही नेऊ नये. समुद्रसपाटीपासून ३,००० मीटर उंचीवर पाणी साधारण ९० अंश सेल्सियसलाच उकळते. त्यामुळे उघड्या भांड्यातल्या भातात बराच वेळ कणी राहते आणि गॅस मात्र संपत जातो. त्याऐवजी गव्हाचे अगदी बारीक, सुके नूडल्स घ्यावेत आणि शांघायच्या घरोघरी होणारे, कांद्याच्या पातीच्या तेलात कालवलेले नूडल्स करावेत. आपल्याकडच्या ‘शेजवान’ चवीची सवय असलेल्यांना हा पदार्थ आरंभी फार साधा वाटेल, परंतु दिवसभराच्या चालीनंतर इतके समाधान देणारे दुसरे काही मला तरी माहीत नाही.

दोघांसाठी सुमारे २०० ग्रॅम पात घ्यावी. ती धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडी करावी, कारण पाण्याचा अंश राहिला तर तेल उडते. बोटभर लांबीचे तुकडे करून पांढरा भाग आणि हिरवा भाग वेगळा ठेवावा. कढईत पाऊण वाटी बिनवासाचे तेल घेऊन ते थंड असतानाच पांढरे तुकडे घालावेत आणि मंद आच ठेवावी; ते मऊ झाल्यावर हिरवे तुकडे घालावेत. पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत घाई करू नये, कारण सगळी चव येथेच तयार होते. आधी पात मलूल होते, मग बराच काळ काहीच घडत नाही असे वाटते, आणि मग तुकड्यांच्या कडा एकदम तांबूस होऊ लागतात, तेव्हा कढईजवळून हलू नये. सगळी पात गडद तपकिरी आणि कुरकुरीत झाली की ती काढून घ्यावी. काळी पडली तर तेल कडवट होते. तेलात चार मोठे चमचे सोया सॉस आणि दीड चमचा साखर घालून बुडबुडे येईपर्यंत तापवावे. गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून निघेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवावे आणि मुक्कामाच्या पहिल्याच रात्री संपवावे. दुसऱ्या रात्रीसाठी सोया सॉस, तिळाचे तेल आणि काळे चिनी व्हिनेगर एकत्र करून न्यावे. उंचीवर भूक मंदावते तेव्हा आंबट चव उपयोगी पडते.

सूपसाठी शिटाके अळंबीच्या सुक्या चकत्या, सुके समुद्री शेवाळ, सुंठ, मीठ आणि पांढरी मिरपूड एवढे सामान पुरे. चकत्या दुपारीच शुद्ध केलेल्या पाण्यात, रुंद तोंडाच्या बाटलीत भिजत घालाव्यात, म्हणजे तंबू लागेपर्यंत त्या फुगतात. उन्हाळ्यात येथे दुपारी विजांसह वादळे येतात, त्यामुळे वृक्षरेषेच्या (ज्या उंचीच्या वर झाडे वाढत नाहीत तिच्या) वरची चाल दुपारपूर्वी संपवून खाली यावे. ओढ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी या उंचीवर तीन मिनिटे खळखळून उकळल्याशिवाय पिऊ नये.

मुक्कामाच्या जागी एकाच भांड्यात काम भागते. नूडल्स घरच्यापेक्षा एक-दोन मिनिटे जास्त शिजवून, बाहेर काढून, तेलात कालवावेत आणि कुरकुरीत पात वरून पेरावी. उरलेले पाणी मुळीच फेकू नये. उत्तर चीनमध्ये नूडल्स खाल्ल्यावर त्यांचेच पाणी पिण्याची रीत आहे आणि डोंगरावर तिचा मोठा फायदा होतो: त्याच पाण्यात अळंबी पाच-सात मिनिटे उकळून बाकीचे जिन्नस घातले की सूप होते आणि पिष्टयुक्त पाणी ओतून टाकण्याचा प्रश्नच उरत नाही.

रात्रीच्या मुक्कामासाठी परवाना आवश्यक आहे. गॅसची नळकांडी विमानातून नेता येत नाहीत, म्हणून ती डेन्व्हर शहरात किंवा उद्यानालगतच्या एस्टेस पार्क या गावात विकत घ्यावीत. स्टोव्ह तंबूत कधीही पेटवू नये. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात वृक्षरेषेखाली मुक्काम करताना अन्न अस्वलाला न उघडणाऱ्या कठीण डब्यात ठेवणे बंधनकारक आहे. त्यात तेलाची बाटली, खरकटे आणि टूथपेस्टसुद्धा गेली पाहिजे. डबा तंबूपासून सुमारे ६० मीटर दूर ठेवावा आणि भांडीही ओढ्यापासून तेवढ्याच अंतरावर विसळावीत. तेलकट भांडे आधी कागदाने पुसून घ्यावे आणि तो कागद डब्यातच परत आणावा.