थंड पाण्याच्या नळालाही कढत पाणी

पुण्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाणी तापवायचा सोलर आहे. उन्हाळ्यात बेसिनच्या थंड नळालाही चटका बसेल असं पाणी यायचं. सगळे म्हणाले, उन्हाने थंड पाण्याची टाकी तापते. पण सकाळी सहालाही तेच, मग टाकीचा काय दोष?

फ्लॅटकडे येणारा सोलरचा कॉक बंद केला, नळ थोडा वेळ सोडला, तर पाणी गार. म्हणजे घरातच कुठेतरी गरम पाणी थंड लाइनीत घुसत होतं. मग एकेका मिक्सरचे (गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळाचे) अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून त्याला पाणी देणारे छोटे कॉक, बंद करून पाहिले. चोर बाथरूममध्ये सापडला. हँडशॉवरचं बटण दाबून पाणी थांबवायचं आणि मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्याच ठेवायच्या, ही घरातली जुनी सवय. बाहेर जायला वाट नसली की जास्त दाबाचं गरम पाणी मिक्सरमधूनच थंड पाइपात शिरतं.

प्लंबरकडून मिक्सरच्या दोन्ही बाजूंना नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारे व्हॉल्व्ह, बसवून घेतले. त्यावरचा बाण मिक्सरकडे हवा; उलटा बसला तर पाणीच येत नाही. घरात लहान मूल असेल तर थर्मोस्टॅटिक मिक्सरही (ठरवलेल्या तापमानाचंच पाणी देणारा) घ्या, महाग असला तरी. ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत भाजतं.

एप्रिलमधल्या दुपारी पाणी अजून कोमट येतं. ती मात्र खरंच टाकी.