एक्स सोडून मॅस्टोडॉनवर जायचंय? आधी माणसं जमवा

रागाच्या भरात एक्सचं अकाउंट बंद करू नका. ते शेवटचं काम आहे, आणि ते करायलाच हवं असंही नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरला ट्विटर, म्हणजे आजचं एक्स, विकत घेतलं. तेव्हापासून 'आता तिथून निघायचं' म्हणणारे पुण्यातही पुष्कळ भेटतात. त्यातले अनेक जण मॅस्टोडॉन या एक्ससारख्याच समाजमाध्यमावर जातात, रिकामी टाइमलाइन बघतात आणि परत फिरतात. नोव्हेंबर २०१९ मध्येही ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर अकाउंट निलंबित झाल्यावर भारतातून खूप लोक तिकडे गेले होते. ती लाट टिकली नाही. माझ्या मते कारण साधं आहे: जो तो एकटा गेला, आणि ज्यांच्याशी बोलायचं ती माणसं मागेच राहिली.

म्हणून सुरुवात वहीपासून करा. ज्यांच्या पोस्ट दिसल्या नाहीत तर खरंच चुकल्यासारखं वाटेल, अशा दहा-बारा जणांची नावं लिहून काढा. पाषाण तलावावरच्या पक्ष्यांचे फोटो टाकणारी मैत्रीण, वेताळ टेकडीबद्दल नेमाने लिहिणारे काका, असे कोणीही. नावं हातानेच लिहा. एक्सच्या सेटिंगमधून आपल्या माहितीची प्रत मागवता येते आणि ती जरूर मागवा. तयार व्हायला २४ तास किंवा जास्तही लागतात. त्या झिप फाइलमध्ये तुमच्या पोस्ट आणि फोटो मिळतील. पण तुम्ही कोणाला फॉलो करता ती यादी उघडलीत, तर नावांच्या जागी नुसते लांबलचक आकडे दिसतात.

आता वहीतल्या दोघा-तिघांना फोन करा. मेसेज नको, फोनच. रविवारी टेकडी उतरून चहाला बसलात की तिथेच सगळ्यांनी मिळून अकाउंट उघडा. पुढचं सगळं यामुळे सोपं जातं.

उघडायचं कुठे, हा प्रश्न मात्र नीट समजून घ्या. मॅस्टोडॉन ही एकच एक साइट नाही. जर्मनीतल्या ऑयगन रॉख्को यांनी २०१६ मध्ये हे सॉफ्टवेअर खुलं केलं. ते घेऊन कोणीही आपला सर्व्हर, म्हणजे मॅस्टोडॉनचं स्वतःचं ठिकाण, चालवू शकतं. सगळे सर्व्हर अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाच्या खुल्या मानकावर एकमेकांशी बोलतात, त्यामुळे मित्र एका सर्व्हरवर आणि तुम्ही दुसऱ्यावर असलात तरी अडत नाही. तुमच्या पत्त्यात नावानंतर सर्व्हरचंही नाव येतं, तो पत्ता पूर्ण द्यायचा.

सर्व्हर निवडताना जॉइनमॅस्टोडॉन डॉट ऑर्गवरची यादी बघा. या यादीत यायचं तर चालकांना काही गोष्टी कबूल कराव्या लागतात: रोज बॅकअप, अडचणीच्या वेळी सर्व्हर हाताळू शकेल असा आणखी किमान एक माणूस, द्वेषाच्या पोस्टवर कारवाई, आणि बंद करायची वेळ आली तर तीन महिने आधी सूचना. तरीही त्या सर्व्हरचं माहितीचं पान स्वतः वाचा. चालवणारं कोण, नियम काय, खर्च कुठून भागतो, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं नसेल तर पुढच्याकडे वळा. काही ठिकाणी 'इथे का यायचंय' असं विचारतात. दोन प्रामाणिक वाक्यं पुरतात.

निवड चुकली तरी सर्व्हर बदलता येतो. फॉलोअर तुमच्याबरोबर येतात, जुन्या पोस्ट मागेच राहतात.

पहिल्या दिवशी ओळखीची पोस्ट लिहा. बहुतेक सर्व्हरवर ५०० अक्षरांची मर्यादा असते. पोस्टची भाषा मराठी निवडा आणि हॅशटॅग विसरू नका, कारण इथे तुमची पोस्ट लोकांपुढे ढकलणारं अल्गोरिदम नाही. पुणे, मराठी, पक्षी असे हॅशटॅग फॉलोही करता येतात. आवडलेली पोस्ट पुढे जावी असं वाटत असेल तर नुसतं लाइक करून उपयोग नाही, बूस्ट करावी, म्हणजे आपल्या फॉलोअरांपुढे पुन्हा मांडावी लागते.

खासगी मेसेजबाबत सावध राहा. ते एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्याने ठरवलं तर ते वाचता येतात. शिवाय खासगी मेसेजमध्ये तिसऱ्या कोणाचं नाव अ‍ॅट चिन्हासकट लिहिलंत, तर तो मेसेज त्या व्यक्तीलाही पोचतो! बँकेची माहिती, घरचे वाद, असलं काही तिथे नको.

जुन्या अकाउंटचं काय? पुणे पोलीस आणि महापालिका एक्सवर आहेत. पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढला, भिडे पूल पाण्याखाली जायची वेळ आली, की सूचना तिथे येतात. नदीकाठी राहणाऱ्यांनी तर अकाउंट ठेवावंच. फोनमधलं अ‍ॅप काढा, गरज पडेल तेव्हा ब्राउझरमध्ये उघडा. नवा पत्ता प्रोफाइलमध्ये लिहा, त्याचीच एक पोस्ट टाकून ती पिन करा आणि दोन-तीन महिने तशीच राहू द्या. मागे राहिलेले त्यावरून येतात. त्यानंतर बंद करायचंच असेल तर करा. ३० दिवसांच्या आत पुन्हा लॉगिन केलं तर ते परत सुरू होतं.

आणि सर्व्हरला पैसे द्या. तिथे जाहिराती नसतात, खर्च कोणीतरी स्वतः सोसत असतं. परदेशी सर्व्हरला यूपीआयने पैसे पाठवणं सहसा जमत नाही. त्यासाठी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डावरचे परदेशी व्यवहार सुरू करावे लागतात.