रस्टचा व्हेक सी कडे देताना
रस्ट या प्रोग्रामिंग भाषेतला व्हेक (Vec, लागेल तशी वाढणारी यादी) आहे तसा उचलून सी भाषेतल्या कोडकडे द्यायचा नाही, त्यात पॉइंटर (डेटाचा मेमरीतला पत्ता), लेंग्थ (किती घटक आहेत), कपॅसिटी (किती घटकांची जागा राखली आहे) अशा 3 गोष्टी असतात आणि मेमरीत त्यांचा क्रम काय याची गॅरंटी नसते. आधी इनटू बॉक्स्ड स्लाइस (into_boxed_slice, म्हणजे ठरलेल्या लांबीची यादी, स्लाइस, बॉक्समध्ये) करा म्हणजे जादा कपॅसिटीची कटकट जाते, मग बॉक्स इनटू रॉ (Box::into_raw, म्हणजे बॉक्समधून साधा पॉइंटर काढा), आणि पॉइंटर नि लेंग्थ दोन्ही पाठवा. खरी गोची पुढे: सी वाल्याने त्या पॉइंटरवर फ्री (free, सी चं मेमरी सोडायचं फंक्शन) मारायचं नाही! मी मारलं होतं, लॅपटॉपवर मस्त चाललं, सर्व्हरवर धाडकन आपटलं. मेमरी सोडायचं फंक्शन रस्टमध्येच लिहा, तोच पॉइंटर, तीच लेंग्थ परत घेऊन बॉक्स बनवला की तो आपोआप ड्रॉप होतो, म्हणजे मेमरी सुटते. आणि हो, सी कडून नल पॉइंटर (कुठलाच पत्ता नसलेला) आला तर लेंग्थ 0 असली तरी त्याची स्लाइस करू नका, आधी नल चेक टाका.