मेसेज कॅटलॉग उघडताना आणि बंद करताना या चुका टाळा

सी भाषेतल्या प्रोग्रामचे संदेश मराठीत दाखवायचे असतील, तर ते संदेश मेसेज कॅटलॉग नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात. कॅटओपन या फंक्शनने कॅटलॉग उघडायचा, कॅटगेट्सने त्यातला संदेश घ्यायचा आणि काम संपल्यावर कॅटक्लोजने तो बंद करायचा, एवढेच हे तंत्र आहे. तरीही नाशिकमध्ये नव्या मुलांचा कोड तपासताना त्याच त्या चुका समोर येतात, कारण मॅन्युअलचे पान शेवटपर्यंत वाचण्यापेक्षा कुठून तरी चार ओळी उचलून चिकटवण्याची घाई असते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे संदेश हाती येताच कॅटलॉग बंद करणे. कॅटगेट्स संदेशाची प्रत देत नाही, फक्त पॉइंटर, म्हणजे मेमरीतला त्याचा पत्ता, देते. लिनक्सच्या जीलिबसी या सी लायब्ररीमध्ये कॅटलॉगची फाइल मेमरीत मॅप केलेली असते आणि कॅटक्लोज ते मॅपिंग काढून टाकते. त्यानंतर तो पॉइंटर वापरला, की प्रोग्राम कोसळलाच म्हणून समजा.

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये ऐन हंगामात हेच घडले. वजनाची पावती छापणारा प्रोग्राम ऑफिसातल्या मशीनवर व्यवस्थित चालत होता, तिथे मात्र पहिल्याच पावतीला सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीच्या चुकीच्या जागी हात घातल्याची चूक) देऊन बंद पडत होता. बाहेर क्रेट भरलेल्या गाड्या खोळंबल्या होत्या आणि सर्वांचा संशय प्रिंटरवर होता. कोड लिहिणाऱ्याने सोयीसाठी एक छोटे फंक्शन केले होते: कॅटलॉग उघडायचा, संदेश घ्यायचा, कॅटलॉग बंद करायचा आणि पॉइंटर परत द्यायचा. ऑफिसातल्या मशीनवर एनएलएसपाथ (कॅटलॉग कुठे शोधायचा ते सांगणारे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) ठरवलेलाच नसल्याने कॅटलॉग कधी सापडत नव्हता, आणि अशा वेळी कॅटगेट्स आपण दिलेला डिफॉल्ट मजकूर तसाच परत करते. हा मजकूर प्रोग्रामच्याच पोटात असल्यामुळे शाबूत राहतो. पॅकहाउसमध्ये कॅटलॉग रीतसर बसवलेला होता, म्हणूनच तिथे प्रोग्राम पडला. डिफॉल्ट मजकूरही मराठीतच लिहिलेला असल्याने चाचणीत कोणाला काही वावगे दिसले नव्हते.

तेव्हापासून डिफॉल्ट मजकूर इंग्रजीतच ठेवावा, असा माझा आग्रह आहे. कॅटलॉग सापडला नाही, तर ते पहिल्याच स्क्रीनवर कळते. कॅटलॉग मेनमध्ये एकदा उघडावा आणि प्रोग्राम संपताना एकदाच बंद करावा. मधल्या कोणत्याही फंक्शनमध्ये कॅटक्लोज दिसले, तर मी तो कोड परत पाठवतो.

दुसरी चूक भाषा ठरवण्याची. कॅटओपनला दुसरा आर्ग्युमेंट शून्य दिला, तर ते केवळ लँग हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पाहते. एलसी-ऑल या दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये मराठी ठेवून काहीही होत नाही. एनएल-कॅट-लोकेल हा फ्लॅग दिला, तर एलसी-मेसेजेसचा, म्हणजे संदेशांसाठीचा, लोकेल (भाषा आणि प्रदेशाची निवड) वापरला जातो, परंतु त्याआधी लोकेल ठरवणारे सेटलोकेल हे फंक्शन बोलावलेले नसेल, तर तो लोकेल 'सी'च राहतो. मी नेहमी फ्लॅग देतो आणि सेटलोकेल सर्वांत आधी लिहितो. क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालणाऱ्या प्रोग्रामला तुमच्या टर्मिनलमधली व्हेरिएबल्स मिळत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

कॅटओपन अयशस्वी झाले, की उणे एक मिळते, नल नव्हे. तुलना करताना उणे एक हे कॅटओपन जो टाइप परत देते, त्याच टाइपमध्ये कास्ट करावे.

एनएलएसपाथमध्ये नुसती डिरेक्टरी लिहून भागत नाही. कॅटलॉगच्या नावासाठी टक्का-एन आणि लोकेलसाठी टक्का-एल लिहावे लागते. नावात तिरकी रेघ असेल, तर एनएलएसपाथ पाहिलाच जात नाही. अंदाज बांधत बसण्यापेक्षा प्रोग्रामच्या सिस्टिम कॉलची नोंद दाखवणारे एसट्रेस चालवावे. प्रोग्राम कोणकोणत्या ठिकाणी फाइल शोधतो, ते ओळीने दिसते.

संदेश बदलूनही जुनाच दिसत असेल, तर नवी फाइल योग्य जागी पोहोचली का, हे आधी पाहावे. काढून टाकलेला संदेश टिकून राहत असेल, तर दोष कॅटलॉग फाइल तयार करणाऱ्या जेनकॅटच्या वापरात असतो: त्याला आधीची कॅटलॉग फाइल सापडली, की ते नवे संदेश तिच्यातच मिसळते आणि जुने क्रमांक तसेच ठेवते. माझ्या मेकफाइलमध्ये (प्रोग्राम बांधण्याच्या सूचनांच्या फाइलमध्ये) जेनकॅटच्या आधी जुनी फाइल पुसण्याची ओळ असतेच.