जावई अमेरिकेच्या फौजेत असेल तर मुलीचा व्हिसा कोणता धरायचा?

आपल्या साताऱ्यात फौजीला मुलगी देणं म्हणजे काय असतं हे कुणी कुणाला शिकवायला नको, अपशिंगे मिलिटरी तर गावाच्या नावातच मिलिटरी घेऊन बसलंय. पण जावई अमेरिकेच्या फौजेत असला की घरातल्या रिटायर्ड सुभेदार आजोबांनाही काही सांगता येत नाही, कारण इथं पहिला प्रश्न क्वार्टर कधी मिळणार हा नसून मुलगी तिकडं कुठल्या व्हिसावर जाणार हा असतो. नात्यातल्या नि ओळखीतल्या मुलींच्या फाइली लावताना जे जे कळलं ते इथं लिहितेय, नीट वाचा, एकदा एक रस्ता धरला की मधेच बदलायला पैसेही जातात आणि महिनेही.

माझं मत आधीच सांगून टाकते. मुलगा फौजेत असेल तर बहुतेक घरांनी आधी लग्न करावं, ते रजिस्टर करावं आणि मग बायको म्हणून व्हिसा घ्यावा. लग्नाआधीचा फियान्से व्हिसा साध्या नोकरीवाल्या मुलासाठी ठीक असेल, फौजीसाठी मला तो धोक्याचा वाटतो.

सगळ्यात आधी मुलाला विचारा, तू अमेरिकेचा सिटिझन आहेस का ग्रीन कार्डवर? विचारायला लाजू नका. ग्रीन कार्डवाल्यालाही तिकडं फौजेत भरती होता येतं, त्यामुळं मुलगा वर्दीत आहे म्हणजे सिटिझन असेलच असं नाही. ग्रीन कार्डवर असेल तर के-१ म्हणजे फियान्से व्हिसाचा विषयच संपला, तो फक्त सिटिझनच्या होणाऱ्या जोडीदाराला मिळतो. ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोची फाइल एफ२ए कॅटेगरीत जाते, तिथं वर्षाचा कोटा असतो, दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये आपली तारीख आली का बघत बसावं लागतं. पण फौजीला इथं एक मोठी सोय आहे. ११ सप्टेंबर २००१ पासूनचा काळ अमेरिकेने लढाईचा काळ म्हणून जाहीर केलाय, त्या काळात सेवेत असलेल्याला बाकीच्यांसारखी पाच वर्षं थांबायची गरज नसते. युनिटकडून एन-४२६ फॉर्मवर सेवेची नोंद सही करून घ्यायची आणि एन-४०० म्हणजे सिटिझनशिपचा अर्ज भरायचा, फौजीला त्याची फी पण नाही. तो सिटिझन झाला की बायकोची फाइल आपोआप वरच्या कॅटेगरीत सरकते, फक्त त्याने सिटिझनशिपचा पुरावा पाठवून तसं कळवायला पाहिजे. म्हणून जावई ग्रीन कार्डवर असेल तर लग्नाची खरेदी चालू असतानाच त्याच्या मागं लागा, आधी एन-४०० टाक म्हणावं.

आता सिटिझन मुलाचं बघू. के-१ मध्ये तो आय-१२९एफ म्हणजे होणाऱ्या बायकोसाठीचा अर्ज भरतो, मुंबईला मुलीचा इंटरव्ह्यू होतो, व्हिसा मिळाला की अमेरिकेत उतरल्यापासून ९० दिवसांत त्याच मुलाशी लग्न करायचं, आणि मग तिथं बसून ग्रीन कार्डसाठी आय-४८५ भरायचा. ते ९० दिवस वाढवून मिळत नाहीत. फौजीच्या बाबतीत सगळी अडचण इथंच आहे. तिकीट काढलं, मुलगी पोचली, आणि मुलाला डिप्लॉयमेंटची म्हणजे मोहिमेवर जायची ऑर्डर आली किंवा दोन महिन्यांच्या ट्रेनिंगला फील्डवर पाठवलं तर काय करणार? फौज काही लग्नासाठी थांबत नाही. शिवाय लग्न झालं तरी वर्क परमिट येईपर्यंत तिला नोकरी करता येत नाही, आणि बाहेर जायची परवानगी हातात पडायच्या आत ती भारतात आली तर ग्रीन कार्डचा अर्ज सोडून दिला असं धरतात. घरी कुणी आजारी पडलं, कुणाचं काही बरंवाईट झालं तरी मुलगी येऊ शकत नाही. नवरा डिप्लॉयमेंटवर, बायको टेक्ससमधल्या किलीनसारख्या बेसजवळच्या गावात एकटी, गाडी चालवता येत नाही, नोकरी नाही, माहेरी येता येत नाही, हे चित्र आईबापांनी एकदा डोळ्यासमोर आणून बघावं.

सीआर-१ म्हणजे बायकोचा व्हिसा, त्यात लग्न आधी होतं, मुलगा आय-१३० म्हणजे बायकोसाठीचा अर्ज भरतो, मंजूर झालं की फाइल एनव्हीसी म्हणजे नॅशनल व्हिसा सेंटरकडं जाते, तिथं फी भरायची, डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, कागद अपलोड करायचे आणि मग मुंबईला इंटरव्ह्यू. विमानतळावर शिक्का पडला की ती त्याच दिवसापासून ग्रीन कार्डवाली, दुसऱ्या दिवशी नोकरी शोधायला मोकळी, आणि नवरा कुठंही पोस्टिंगवर असला तरी तिची एंट्री अडत नाही. पोचताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर कार्ड दोन वर्षांचं मिळतं, ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ म्हणजे कार्डावरची दोन वर्षांची अट काढायचा अर्ज भरायचा असतो, ही तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली असतील तर सरळ दहा वर्षांचं कार्ड, त्याला आयआर-१ म्हणतात.

पैशाचंही बघा. एप्रिल २०२४ ला नवीन फी लागू झाली तेव्हाच्या आकड्यांनी के-१ चा हिशोब असा होता, अर्जाचे ६७५ डॉलर, व्हिसाचे २६५, आणि नंतरच्या आय-४८५ चे १४४०, म्हणजे २३८० डॉलर. सीआर-१ ला ऑनलाइन आय-१३० चे ६२५, व्हिसाचे ३२५, उत्पन्नाच्या कागदांचे १२० आणि ग्रीन कार्डचे २३५, मिळून १३०५. मेडिकल दोन्हीकडं वेगळं. फी बदलत राहते, त्यामुळं भरायच्या दिवशी सरकारी साइटवरच आकडा बघायचा, एजंटने सांगितलेला धरायचा नाही. के-१ लवकर होतो असं अजून लोक सांगतात, पण फक्त तेवढ्यासाठी के-१ धरू नका, दोन्हीकडं वर्ष किंवा जास्तच हातात धरून चाला.

उत्पन्नाच्या बाबतीत फौजीला सवलत आहे. बाकीच्यांना अमेरिकेच्या गरिबीरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावं लागतं, अॅक्टिव्ह ड्युटीवरच्या मुलाला बायकोसाठी १०० टक्के पुरतं, म्हणजे नवीन भरती झालेल्या पोराचा पगारही बहुतेक वेळा चालून जातो.

आणि बायको म्हणून जे मिळतं ते फियान्सेला मिळत नाही. लग्नाचं सर्टिफिकेट दाखवून मुलाने तिचं नाव डीअर्समध्ये म्हणजे फौजेच्या कुटुंब-नोंदीत घातलं की ट्रायकेअर म्हणजे फौजेच्या आरोग्य योजनेतला दवाखाना, मिलिटरी ओळखपत्र, घरभाड्याचा बायकोवाला रेट हे सगळं सुरू होतं. डिप्लॉयमेंट जवळ असेल तर डीडी ११७२-२ या ओळखपत्राच्या फॉर्मवर त्याची सही आधीच घेऊन ठेवा, नंतर तो हजार मैलांवर आणि ही आयडी ऑफिसच्या काउंटरवर, अशी अडचण होते. एक गोष्ट लिहिताना जड वाटतं पण लिहिते, आपल्या जिल्ह्याला वीरपत्नी हा शब्द नवा नाही. देव न करो, पण सिटिझन मुलाचं काही झालं तर बायकोचा आय-१३० विधवेच्या अर्जात बदलतो आणि तिचा हक्क शिल्लक राहतो, के-१ ची फाइल मात्र तिथंच बंद होते.

मग के-१ कधी धरायचा? लग्न तिकडंच करायचं दोघांनी पक्कं ठरवलंय, इथं लग्नासाठी रजा मिळायची शक्यता नाही, आणि मुलाची पोस्टिंग पुढच्या वर्षभर तरी एका जागी स्थिर आहे, तेव्हा. पण दोन अटी डोक्यात ठेवा. एक, अर्ज करायच्या आधीच्या दोन वर्षांत दोघं प्रत्यक्ष भेटलेले असले पाहिजेत, कांदेपोहे व्हिडिओ कॉलवर झाले असतील तर ते धरत नाहीत, बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरचे शिक्के लागतात. दुसरी अट आपल्याकडं हमखास नडते, ती म्हणजे साखरपुडा. के-१ साठी दोघं अविवाहित असावे लागतात, आणि आपण साखरपुड्याला हॉल घेतो, पाचशे माणूस जेवतं, मुलगी शालूत, दोघांच्या गळ्यात हार, हौसेने कुणी मंगळसूत्रही घालतं. ते फोटो बघून ऑफिसरला वाटतं यांचं लग्न झालंय, आणि के-१ नाकारला जाऊ शकतो. के-१ वर जायचं असेल तर साखरपुडा घरच्या घरी, अंगठी आणि साखरेचा पुडा, एवढाच करा, भटजींना विधी वाढवू देऊ नका.

लग्न इथं करायचं ठरलं तर आधी रजेचं गणित मांडा. अमेरिकन फौजीला वर्षाला ३० दिवस रजा साठते. दोघंही हिंदू असतील तर विधीने लग्न लावायचं आणि लगेच नोंदणी करायची, गावात ग्रामपंचायतीत, साताऱ्यात नगरपालिकेत, सांगलीत महापालिकेत. लग्नपत्रिका, भटजींची सही, तीन साक्षीदार, दोघांचे वयाचे पुरावे हे लग्नाच्या आधीच एका फाइलीत लावून ठेवा, म्हणजे जावई परत जायच्या आत सर्टिफिकेट हातात येतं. नुसते फोटो आणि पत्रिका अमेरिकेला चालत नाहीत, नोंदणीचा दाखला लागतोच. मुलगा दुसऱ्या धर्माचा असेल तर १९५४ च्या स्पेशल मॅरेज अॅक्टखाली ३० दिवसांची नोटीस लागते आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न व्हावं लागतं. महिन्याची नोटीस आणि महिन्याची रजा काही जुळत नाही, म्हणून रजा तुकड्यात घेऊन दोनदा यायची तयारी ठेवा किंवा लग्न तिकडं नाहीतर तिसऱ्या देशात करा. मुलगा मूळ भारतीय असला तरी ओसीआय म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणाऱ्या कार्डच्या भरवशावर राहू नका, परदेशी फौजेत असलेल्याला, रिटायर झालेल्यालासुद्धा, ओसीआय देत नाहीत. त्याला साधा व्हिसा काढूनच यावं लागेल, आणि फॉर्ममध्ये मिलिटरीत आहात का असा प्रश्न असतो, तिथं खरं तेच लिहायचं. निघण्याआधी त्याने युनिटला परदेशी मुलीशी लग्न करतोय हे कळवायचं, सिक्युरिटी क्लिअरन्स असेल तर ते सक्तीचंच असतं.

मोंटाना राज्यात फौजीला दोघांपैकी कुणीही हजर नसताना प्रॉक्सी लग्न करता येतं, हे ऐकून काही जण खूश होतात. लग्न कायदेशीर असतं, पण इमिग्रेशनसाठी त्या लग्नानंतर दोघांचा नवरा-बायको म्हणून शरीरसंबंध आलेला असला पाहिजे, आधी भेटलो होतो हे चालत नाही. म्हणजे नंतर एकदा भेट घ्यावीच लागते.

पोस्टिंग जर्मनी-जपानला असेल तर वेगळा विचार करा. तिथं कमांड स्पॉन्सरशिप म्हणजे कुटुंब सोबत ठेवायची फौजेची मंजुरी मिळाली तर बायको ऑर्डरवर नाव घालून थेट नवऱ्याकडं जाऊ शकते, आणि बाहेरच्या बेसवर असलेल्या फौजीला आय-१३० त्या देशातल्या अमेरिकन एम्बसीतही देता येतो. कोरियाची पोस्टिंग पुष्कळदा एकट्याची असते, तिथं आधी विचारून घ्या. पुढं ग्रीन कार्ड आल्यावर परदेशात पोस्टिंग असलेल्या सिटिझन नवऱ्याच्या बायकोला अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याच्या ३१९(बी) कलमाखाली वर्षं न मोजता सिटिझनशिपचा अर्ज करता येतो.

टुरिस्ट व्हिसावर पाठवा आणि तिकडं लग्न लावू असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. मनात तिकडं राहायचं धरून टुरिस्ट म्हणून जाणं ही खोटी माहिती ठरते आणि तो डाग आयुष्यभर फाइलीवर राहू शकतो. अजिबात करू नका.

कागदांत आपली पोरं कुठं अडकतात तर जन्मदाखल्यात आणि नावात. जन्माची नोंद उशिरा झाली असेल किंवा सापडतच नसेल तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांची अॅफिडेव्हिट. मग सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि नाव अक्षराला अक्षर लावून बघा, पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे आहे, शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी आहे, आधारवर स्पेलिंग तिसरंच, असं आपल्याकडं घरोघरी असतं. फाइल चालू असताना लग्नानंतरचं नाव लावायची घाई करू नका, सासूबाई म्हणाल्या तरी नको, माहेरच्या नावानेच व्हिसा घ्या. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर भाषांतर करणाऱ्याच्या सही-प्रमाणपत्रासह जोडा. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवाच्या पोर्टलवरून काढायचा, पोलीस ठाण्यातून हाताने आणलेला दाखला चालत नाही.

मुलाची डिप्लॉयमेंट तोंडावर असेल तर फाइल लवकर घ्यावी म्हणून एक्स्पेडाइट मागता येतं, ऑर्डरची प्रत आणि कमांडरचं पत्र लावायचं, आणि यूएससीआयएस म्हणजे अमेरिकेचं इमिग्रेशन खातं, एनव्हीसी, कॉन्सुलेट या तिन्ही टप्प्यांवर वेगवेगळं मागायचं, एकाकडं दिलं म्हणून पुढं आपोआप जात नाही.

मेडिकल कॉन्सुलेटने ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडंच होतं, ते इंटरव्ह्यूच्या आधी उरकायचं. इंटरव्ह्यू बीकेसीला सकाळचा असतो, म्हणून सातारा-सांगलीहून आदल्या दिवशीच जाऊन मुक्काम करा, पहाटे निघून हायवेच्या भरवशावर राहू नका. आत फक्त मुलीलाच सोडतात, तेव्हा नवऱ्याचं युनिट, त्याची रँक, बेस कुठं आहे, तो शेवटचा कधी आला होता हे तिला स्वतःला सांगता आलं पाहिजे. मूळ कागदांची फाइल आणि स्वतःचा पासपोर्ट तिने स्वतःजवळ ठेवावा, सासरी गेल्यावरही.